टँकरच्या कागदावरची सही

समोरच्या बाईकडे नळ सकाळी सहाला सुटायचा. आधी तोटीतून नुसती हवा यायची, मग स्टीलच्या बकेटीत पाणी पडू लागायचं. मधे आठ-नऊ फुटांची गल्ली, आणि माझी खिडकी बरोबर तिच्या नळासमोर. बकेट रिकामी असते तेव्हा आवाज मोठा असतो, भरत आली की बारीक होत जातो. तो बारीक होत जाणारा आवाज ऐकत मी दोन वर्षं अंथरुणात पडल्या पडल्या दात खाल्ले आहेत. सरळच सांगते, मला तिचा हेवा वाटत होता. हेवा हा शब्द तसा बराच सभ्य आहे. आमच्याकडे जळण म्हणतात, आणि तेच खरं आहे.

सक्करदऱ्याच्या पुढे, मोठा रस्ता ओलांडून नाल्याकडे उतरलं की आमची वस्ती लागते. एका गल्लीत घरांच्या दोन ओळी. नाल्याकडची आमची, चढावरची त्यांची. आमच्या ओळीत बहुतेक जुन्या विणकरांची घरं. माझे सासरे हातमागावर लुगडी विणायचे. मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी टाकली, आणि आता तिथे आमचा पलंग आहे. नवरा गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे थान उलगडतो. समोरच्या ओळीत बौद्ध घरं जास्त. माझ्या बरोबर समोर राहते तिचा नवरा मौद्याच्या विजेच्या प्लांटवर ठेकेदाराकडे फिटर आहे.

ती आणि मी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गल्लीत आलो. दोघी नव्या, दोघींना पाणी भरायची सवय नाही, त्यामुळे मैत्री व्हायला वेळ लागला नाही. पण ती महा आळशी. टँकर दिसला की सगळ्या बाया पदर खोचून धावायच्या आणि ही केसांना तेल लावत ओट्यावर बसलेली. शेवटी येणार, मोठ्यानं हसणार, आणि माझ्याकडून दोन गुंड्या, म्हणजे दोन कळशा, पाणी उसनं नेणार. परत कधी आणून दिलं असेल तर शपथ. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट बरंच वाटायचं. माझ्याकडे जास्त होतं आणि तिच्याकडे कमी होतं, अशा दिवसांत माणूस फार मोठ्या मनाचा असतो.

कारण टँकरची राणी मी होते. आमच्या ओळीला टँकरची एक फेरी, समोरच्या ओळीला दुसरी, ड्रायव्हर एकच, आणि तिची पोरगी दहावीला गेली त्या वर्षापासून दोन्ही ओळींचे वेगळे कागद सुरू झाले. कागदावर तारीख, फेरी आणि 'पाणी मिळाले' असं छापलेलं. त्यापुढे वस्तीतल्या कोणाची तरी सही लागायची. सही म्हटलं की आमच्या बाया दोन पावलं मागे सरकायच्या. कोणाला वाटायचं रेशन कार्डातून नाव कटेल, कोणाला वाटायचं घराचं काही होईल. मी दहावी पास. पहिल्याच दिवशी पुढे झाले आणि ड्रायव्हरच्या हातून पेन घेतलं.

माझी सही सुंदर आहे. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, पुढे त्याचं काम आहे म्हणून सांगते. शाळेत असताना वहीची मागची पानं भरून मी ती बसवली होती. पहिलं अक्षर मोठं, शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून सगळ्या नावाखालून जाणारी, आणि खाली दोन ठिपके. दहावीनंतर ती करायला जागाच मिळाली नव्हती. लग्नाच्या कागदावर एकदा, गॅसच्या फॉर्मवर एकदा. आता रोज मिळायला लागली. ओल्या हातानं कागद खराब होऊ नये म्हणून मी पदराला हात पुसून, टँकरच्या चाकावरच्या पत्र्यावर कागद ठेवून सही करायची. बाया भोवती उभ्या राहून बघायच्या.

आठवड्यातून एखाददोन दिवस टँकर यायचाच नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर डोकं खाजवत म्हणायचा, "ताई, कालची बी एक मारून द्या. नाही तर माही ट्रिप कटते."

मी मारून द्यायची. त्याचंही घर आहे, असं मनाला सांगायची. खरं कारण वेगळं होतं. टँकर माझ्या दारासमोर थांबायचा आणि पहिला पाइप माझ्या ड्रममध्ये पडायचा, ते त्या जास्तीच्या सहीमुळे. शिवाय एका ऐवजी दोन सह्या करायला मिळायच्या, हे तर कोणालाच सांगण्यासारखं नव्हतं.

समोरच्या ओळीच्या कागदावर सही करायला ड्रायव्हरनं तिला धरलं होतं. तिला नावापुरतं लिहिता यायचं. एकेक अक्षर, भिंतीत वीट बसवावी तसं दाबून. एकदा त्यानं तिच्याकडेही कालची सही मागितली. ही ओट्यावरूनच ओरडली, "काल पाणी आलं का? मग सही कायची?" तो गयावया करायला लागला तर म्हणाली, "अरे भाऊ, मी बायांले काय सांगू, की आलं होतं अन् मीच पिऊन टाकलं?" तिच्या कागदावर अशा दिवसांच्या पुढे कोरं असायचं. ड्रायव्हर तिच्या ओळीत मुद्दाम उशिरा जायचा. मी तिला समजावलं होतं, "अवं, एका सहीनं काय होते? त्याले खुश ठेवलं का पाणी भेटते." ती म्हणाली होती, "भेटत असन. मले जमत नाही." मला वाटलं, काय बावळट बाई आहे.

मग घरोघरी नळ देण्याची योजना आली. एका दिवशी जेसीबी आला आणि गल्लीत खड्डा खणायला सुरुवात झाली. खड्डा समोरच्या ओळीच्या बाजूनं गेला. निळे पाइप त्यांच्या दाराशी वळले. आमच्या बाजूला एकही वळला नाही. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "तुमची ओळ दुसऱ्या टप्प्यात आहे, बाई."

तिच्याकडे नळाला पाणी आलं त्या दिवशी तिनं तोटीला झेंडूचं फूल बांधलं आणि गल्लीभर पेढे वाटले. माझ्या दारात आली तेव्हा मी आतूनच सांगितलं की डोकं दुखतंय. पेढा दारावरच्या कडीजवळ ठेवून गेली. मी तो गाईला घातला.

त्यानंतर मला दुसरं काही दिसेनाच. ती सकाळी ओट्यावर पाणी शिंपडते. ती मधल्या वारीही केस धुते. तिनं कुंड्यांमध्ये मोगरा लावला. मोगरा! आमच्याकडे भांडी घासलेलं पाणी संडासात आणि ही फुलांना पाणी घालते. आणि उन्हाळा आला तेव्हा तर कळस झाला. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय माणूस जगत नाही, आणि कूलर पाण्याशिवाय चालत नाही. आम्ही कूलरमध्ये मोजून दोन बकेट टाकायचो. तेवढं संपलं की नुसत्या गरम वाऱ्यासमोर बसायचो. तिचा कूलर दुपारभर चालायचा, खसाचा ओला वास गल्ली ओलांडून माझ्या घरात यायचा. मी खिडकी लावून घेतली. मग आणखी उकडलं.

एक दिवस ती हिरवा पाइप हातात घेऊन दारात उभी. "अवं, पाइप टाकते मी इकडून. भर ना तुहे ड्रम. रोज कायले त्या टँकरमागं धावते?"

"नको. तुह्या मीटरवर चढन."

"चढन तर चढन. तू काय समुद्र नेऊन राहिली?"

"मले नको म्हटलं ना!"

ती पाइप गुंडाळत परत गेली. नवरा आत बसून ऐकत होता. म्हणाला, "नळ तिच्याकडे आला अन् जळून तू राहिली. पाणी तर घे." मी त्याला त्या रात्री भाजी वाढली नाही.

आता जे सांगायचं आहे ते मला आवडत नाही, पण सोडलं तर बाकीचं खोटं होईल. टँकरजवळ बाया रोज विचारायच्या, त्यांना नळ अन् आपल्याले काहून नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी राणी, मला उत्तर पाहिजे होतं. आधी म्हटलं, तिच्या नवऱ्याच्या साहेबाची वर ओळख आहे. ते बायांना पटलं. मग एक दिवस, पाइप कोणाच्या ड्रममध्ये आधी यावर भांडण चालू असताना, मी बोलून गेले, "त्यांचं काय वं, त्यांच्यासाठीच तर असते सगळं सरकार." समोरच्या ओळीतही चार घरं आमच्यातलीच होती, त्यांनाही नळ मिळाला होता, हे मला माहीत होतं. तरी बोलले. बोलून वर पाहिलं तर ती कपडे वाळत घालत होती. हात तारेवर तसाच थांबलेला. मग तिनं चादर झटकली आणि आत गेली.

त्या दिवसापासून आमच्या ओळीतल्या बायांनी तिच्याशी बोलणं कमी केलं. तिच्या मुलीच्या हळदीला आमच्याकडून कोणी गेलं नाही. मीही नाही. खिडकीच्या फटीतून मात्र सगळं बघितलं.

दोन वर्षं झाली आणि नळांची नवी यादी लागली. आमची ओळ तिच्यातही नव्हती. मग मी बायांना गोळा केलं. म्हटलं, रिकाम्या गुंड्या घेऊन महापालिकेच्या झोन ऑफिसात जाऊ. निघायच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी पाहते तर ही उभी, हातात स्वतःची गुंडी घेऊन. बायांनी तोंडं फिरवली. मी म्हटलं, "तुह्याकडे तर नळ आहे."

"हाव, आहे," ती म्हणाली आणि चालायला लागली.

झोन ऑफिसातल्या मॅडम चिडक्या नव्हत्या. त्यांनी आम्हाला आत घेतलं, पंखा मोठा केला आणि एक जाड फाइल काढली. म्हणाल्या, "ज्या ओळींना टँकरचं पाणी नियमित मिळत नव्हतं, त्यांना आधी नळ दिले. तुमच्या ओळीत एक दिवसाचाही खाडा नाही. हे बघा." आणि फाइल आमच्याकडे फिरवली.

पानामागून पान माझी सही. पहिलं अक्षर मोठं, शेपटी नावाखालून गेलेली, खाली दोन ठिपके. एकही जागा कोरी नाही. शेजारी समोरच्या ओळीची फाइल होती. तिच्यात दाबून लिहिलेलं नाव, मग कोरं, मग नाव, मग दोन दिवस कोरं. त्या कोऱ्या जागांनी तिच्या ओळीला नळ आणला होता. आमच्या ओळीचा नळ मी माझ्या हातानं बंद केला होता, आणि तोही सजवून.

एक म्हातारी ओरडली, "हे खोटं आहे! मागच्या उन्हाळ्यात तर चार-चार दिवस टँकर नव्हता!" दुसरी म्हणाली, "त्या ड्रायव्हरनं हिच्या सहीची नक्कल मारली असन. आमची बाई असं नाही करणार, मॅडम. शिकेल आहे ती."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "या सगळ्या सह्या तुमच्याच का?"

"पाणी आलं त्या दिवसाच्या माझ्या," मी म्हटलं.

"आणि बाकीच्या?"

"मले माहीत नाही."

माझ्या तोंडून हे किती सहज निघालं! मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. "मग लिहून द्या, की ड्रायव्हरनं खोट्या सह्या केल्या. त्याच्यावर कारवाई होईल, आणि तुमच्या ओळीची पुन्हा तपासणी लावते." बाया एकदम म्हणाल्या, "लिही वं, लिही!" पेन माझ्या हातात आलं. एक अर्ज, आणि आमच्याकडे नळ. ड्रायव्हरची नोकरी गेली असती, आणि मी राणी ती राणीच राहिले असते. मी तारीख लिहिली. मग मान वर केली.

ती माझ्याचकडे पाहत होती. त्या खोलीत खरं काय ते जाणणाऱ्या आम्ही दोघीच होतो. तिनं नुसतं म्हटलं असतं, मॅडम, ही खोटं बोलून राहिली, तर माझ्या सगळ्या बोलण्याचा सूड एका वाक्यात झाला असता. ती म्हणाली, "मॅडम, आम्ही उद्या आणून देतो. घाईत लिहिलं का चुकते."

परतताना बाया पुढे, आम्ही दोघी मागे. मग मीच विचारलं, "काहून नाही सांगतलं तू?"

"सही तुही आहे. तुलेच सांगा लागन."

"अन् आली काहून आमच्यासंग?"

"कोणी पाण्यासाठी चाललं असन तर मागं राहाचं नाही, असं आमच्या घरचं आहे. सासऱ्यानं सांगून ठेवलं. सहीही त्यायनंच शिकवली मले. म्हणत, डोळ्यानं पाहिल्याशिवाय खाली नाव लिहू नको." मग जराशी हसली. "एक सांगू? तुही सही पाहून मले लय जळण होये. पोरीच्या वहीत उतरवून पाहाची मी, चोरून. ते शेपूट जमलंच नाही कधी."

दोन वर्षं मी हिच्या तोटीकडे बघत होते, आणि त्याच्या आधी ही माझ्या शेपटीकडे.

"अन् ते सरकारचं बोलली ना तू," ती म्हणाली, आता हसत नव्हती, "ते ऐकलं मी. पोरीच्या हळदीचंही आठवते. ते मनातून निघायले वेळ लागन."

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा मी चाकाच्या पत्र्यावर कागद ठेवला, पण सही केली नाही. बायांना सांगितलं. कालच्या सह्या, परवाच्या सह्या, ड्रम पहिला भरावा म्हणून, आणि सही करायला आवडते म्हणून. तिच्या नवऱ्याच्या साहेबाच्या ओळखीची गोष्ट मीच रचली, आणि ते सरकारचं वाक्य माझ्याच मनातलं होतं, हेही सांगितलं. कोणी शिव्या दिल्या नाहीत. त्या म्हातारीनं फक्त माझा ड्रम उचलला आणि ओढत नेऊन रांगेच्या शेवटी ठेवला. बाकीच्यांनी आपापले ड्रम एकेक जागा पुढे सरकवले. मग मी घरात जाऊन मॅडमना अर्ज लिहिला, सह्या माझ्याच आहेत आणि त्यातल्या कितीतरी खोट्या आहेत असा, आणि त्याखाली तीच सही केली. पहिल्यांदाच ती करताना मजा आली नाही.

त्यानंतर कित्येक महिने माझा ड्रम शेवटचा होता. टँकर बहुतेक वेळा माझ्यापर्यंत येईतो संपायचा. एका दुपारी मी अशीच रिकाम्या ड्रमशी उभी असताना गल्ली ओलांडून हिरवा पाइप आला आणि थेट ड्रममध्ये पडला. तिनं विचारलं नाही, मी नको म्हटलं नाही. ती आत निघून गेली होती. ड्रम भरला तेव्हा पाइप मी स्वतःच गुंडाळून तिच्या ओट्यावर ठेवला.

आमच्या ओळीची तपासणी झाली, पुन्हा झाली, आणि शेवटी निळे पाइप आमच्या दाराशीही वळले. तोटी बसवून झाली तेव्हा प्लंबर फॉर्म घेऊन आला. "इथं सही करा, बाई. पाणी उद्या-परवा सुटन."

"पाणी पाहीन, मग करीन."

"अहो, सगळी लाइन करून राहिली. तुमच्या एकटीसाठी मी पुन्हा येऊ का?"

"या ना. मी घरीच असते."

तो बडबडत गेला. समोर ओट्यावर ती केसांना तेल लावत बसली होती. सगळी गल्ली ऐकेल असं हसली. ओळीतल्या इतरांची कामं पुरी झाली, माझंच घर राहिलं. तो तीन दिवसांनी आला. मी तोटी उघडली. आधी हवा आली, मग लाल पाणी, मग चांगलं. बकेट भरेपर्यंत त्याला उभं ठेवलं आणि मग सही केली. सहीखाली अजून एक रेघ होती, शेजारच्या साक्षीदाराची.

मी तिला हाक मारली. ती आली, नळाखाली हात धरून पाहिला, ओंजळभर पाणी प्यायली. मग हात पुसून, फॉर्म गुडघ्यावर घेऊन, एकेक अक्षर दाबून नाव लिहायला लागली. प्लंबर घड्याळ बघत होता. माझी शेपटीवाली सही वर होती आणि तिचं ते ठोकळ्या अक्षरांचं नाव खाली. वरच्या सहीवर त्या ऑफिसात आता कोणी विश्वास ठेवणार नव्हतं, खालच्या नावावर ठेवला असता. ती शेवटचं अक्षर पुरं करेपर्यंत मी बघत राहिले, आणि माझ्या घरात नळाचं पाणी वाहत असताना मला तिचा पुन्हा हेवा वाटला.